हाताला मिळणारे उत्तर

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात भजन मंडळाने तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून एक जुना ऑक्टोपॅड, म्हणजे आठ रबरी पॅडांचे विजेवरचे तालवाद्य, विकत घेतला. घेण्यामागची कारणे रास्त होती. पावसाळ्यात खंजिरीचे कातडे उतरते, ती पुन्हा पुन्हा जाळावर शेकावी लागते, मढवून देणारा कारागीर आता शोधूनही सापडत नाही, आणि ऑक्टोपॅडमधून ढोलकी, डफ, ताशा, घुंगरू असे जे हवे ते निघते. मंडळातल्या सर्वांत वयस्कर वादकाला मान म्हणून पहिल्यांदा त्याच्यापुढे बसवण्यात आले. त्यांनी आठही पॅडवर बोटांनी थाप देऊन पाहिली, मग तळव्याने, मग पुन्हा बोटांनी, आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "आवाज झकास आहे जी, पण ह्याच्यातून हाताले काही वापस येत नाही." पोरे हसली. मीही हसलो, कारण मला ती जुन्या माणसाची नव्या यंत्राबद्दलची कुरकुर वाटली. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला ते वाक्य किती अचूक होते हे कळायला पुढे बरेच महिने लागले, याची आजही थोडी लाज वाटते.

लोकवाद्यांबद्दल आपल्याकडे दोन प्रकारचे बोलणे चालते. एका बाजूला जतनाची भाषा असते: वृद्ध कलावंतांना मानधन द्यावे, महोत्सव भरवावेत, जुन्या वादकांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. दुसऱ्या बाजूला आधुनिकीकरणाची भाषा असते: मुलांच्या हाती कीबोर्ड आणि पॅड द्यावेत, काळाबरोबर चालावे. या दोन्ही बाजू एकमेकींशी भांडत असल्या तरी त्यांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे वाद्यातून फक्त आवाज निघतो आणि तो कानासाठी असतो. माझे म्हणणे असे की हे गृहीतक चुकीचे आहे, ते चुकीचे असल्याचे संगणकीय संगीताच्या संशोधकांना निदान चार दशकांपासून ठाऊक आहे, आणि विदर्भातल्या वाद्यांवर खर्च होणारा सार्वजनिक पैसा जोवर हाताला वगळून केवळ आवाजाच्या मागे लागतो, तोवर आपण अर्धे वाद्य जपतो आणि अर्धेच शिकवतो.

खंजिरीवर थाप पडते तेव्हा काय होते ते आधी पाहू. कातडे आत दबते, बोटाला मागे ढकलते, आणि बोट उचलले जाण्याआधीच त्याची थरथर बोटाच्या पेरात शिरते. मुरलेला वादक ती थरथर वाचतो. काठाजवळ बोट दाबून तो कातड्याचा ताण वाढवतो, सूर चढवतो आणि सोडून देतो. ज्या हाताने कडे धरलेले असते त्या हाताच्या तळव्याला लाकडातून कंप लागतो, आणि झांजांच्या चकत्यांची किणकिण मनगटापर्यंत पोचते. कातडे उतरू लागले आहे हे त्याला कानाच्या आधी बोटाला कळते, म्हणून तो गाणे न थांबवता थापेची जागा बदलतो. हे सगळे होत असताना त्याला विचाराल तर तो काहीच सांगू शकणार नाही, कारण ते त्याला तोंडाने येत नाही. आपल्याकडे याला 'हात बसणे' म्हणतात, आणि ज्याने हा शब्द रूढ केला त्याने ज्ञान कुठे बसते हे बरोबर ओळखले होते.

त्वचेच्या खोल थरात पॅसिनी कणिका नावाचे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचना असलेले सूक्ष्म ग्राहक असतात. साधारण ४० पासून सुमारे १,००० हर्ट्झपर्यंतची (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने) कंपने त्यांना कळतात, आणि २५० हर्ट्झच्या आसपास ते इतके तल्लख असतात की एका मायक्रॉनहून कमी हालचालसुद्धा बोटाच्या टोकाला जाणवते. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे तालवाद्याच्या आवाजाचा जो खालचा, घुमणारा भाग आहे, त्या पट्ट्यात कान आणि बोट एकाच कंपनाचे दोन साक्षीदार असतात. स्पर्शाचे मूळ शोधणाऱ्या कामाला २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत ते मिळवणारे आर्डेम पॅटापुटियन यांनी शोधलेल्या, दाब ओळखणाऱ्या प्रथिनांचे नाव 'पिझो' असे आहे. गंमत अशी की बहुतेक इलेक्ट्रॉनिक ढोलांच्या पॅडखाली आघात ओळखणारी जी पातळ चकती असते तिलाही आपण पिझोच म्हणतो, आणि दोन्ही नावे दाबणे या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आलेली आहेत. फरक इतकाच की बोटातला पिझो वाद्याचे ऐकतो, आणि पॅडमधला पिझो फक्त बोटाचे ऐकतो. परत बोलण्याची सोय त्याच्याकडे ठेवलेलीच नाही.

ही सोय कधी गेली, हे पाहण्यासारखे आहे. लिऑन थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास बनवलेले वाद्य हात न लावता, नुसते हवेत हात हलवून वाजते. विजेच्या वाद्यांच्या इतिहासात असा स्पर्श अगदी लवकरच सुटला, आणि ते वाद्य सुरात वाजवणे किती अवघड आहे हे त्यावर बसलेला प्रत्येक जण सांगतो, कारण हाताला टेकायला काहीच नसते. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आपल्या प्रोग्रामने संगणकाकडून संगीत वाजवून घेतले तेव्हा तर वादकच शिल्लक राहिला नाही. सूर आकड्यांत लिहायचे, यंत्राला द्यायचे आणि गणित संपेपर्यंत वाट पाहायची. पुढे यंत्रे वेगवान झाली, वादक परत आला, पण तो परतला तेव्हा त्याच्या हाताचे आणि आवाजाचे नाते तुटलेले होते. १९८३ मध्ये 'मिडी' ही वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची सामाईक पद्धत ठरली. तिच्यात थाप किती जोरात पडली हे ० ते १२७ यांपैकी एका आकड्यात मावते. थाप नखाची होती की पेराची, बोट टेकून राहिले की उडाले, ओले होते की कोरडे, हे सांगायला त्या आकड्यात जागा नाही. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड बाजारात आला, आणि पुढे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रापासून वरातीत वाजवणाऱ्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या धुमाल पार्ट्यांपर्यंत तो घरचा झाला.

ऑक्टोपॅडवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की रबर अगदीच मुके नसते. काडी मारली की ती उसळते, आणि धुमालवाली पोरे त्या उसळीवर जे काम करतात ते मी तोंडात बोट घालून पाहिले आहे. पण ढोलकीचा आवाज लावा, डफाचा लावा की घुंगराचा लावा, रबर हाताला एकच उत्तर देते. कानाला आठ वाद्ये आणि हाताला एक, अशी ही व्यवस्था आहे.

याच काळात काही संशोधक उलट दिशेने चालले होते. फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे क्लोद कादोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये 'अक्रो' ही संस्था उभी केली. त्यांचा विचार असा होता की संगणकात नुसता आवाज साठवण्याऐवजी वाद्याचे वस्तुमान, त्याची लवचीकता आणि घर्षण हेच गणितात मांडावे. मग आवाज त्या गणितातून आपोआप निघेल, आणि त्याच गणितातून हाताला किती विरोध व्हायला हवा हेही कळेल. तो विरोध प्रत्यक्ष हातापर्यंत पोचवणारी, मोटरवर चालणारी कळ त्यांनी बनवली. म्हणजे नसलेली तार बोटाला ताणलेली लागावी. पुढे २००२ मध्ये बिल व्हरप्लँक, मायकेल गुरेविच आणि तेच मॅक्स मॅथ्यूज यांनी 'प्लँक' नावाचे एक साधे उपकरण सादर केले, ज्यात हाताला प्रतिसाद देणारी मोटर संगणकाच्या जुन्या डिस्क ड्राइव्हमधून काढलेली होती. ज्या माणसाने संगणकाला गायला शिकवताना हाताला बाजूला ठेवले होते, तोच पंचेचाळीस वर्षांनी भंगारातल्या मोटरीने हाताला परत बोलावत होता. स्टॅनफर्डच्या एडगर बर्डाल यांनी त्यानंतर जो 'स्पर्शढोल' बनवला त्यात तर साध्या वूफरचा, म्हणजे खालचे घुमणारे आवाज काढणाऱ्या स्पीकरचा, उपयोग होता: काडी पडली की वूफरचा पडदा तिला योग्य क्षणी वर ढकलतो, आणि एका हाताने एरवी अशक्य असलेल्या वेगाने रोल, म्हणजे थापांची सलग सर, वाजतो.

वूफरचे नाव काढल्यावर आपल्या लग्नसराईची आठवण येणे अटळ आहे. डीजेची गाडी घरासमोरून जाते तेव्हा खिडकीची काच थरथरते आणि छातीत ठोके बसतात. हाही स्पर्शच आहे. नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण ती ज्या मापाने मोजतात ते माप कानाच्या संवेदनेला धरून बनवलेले असल्यामुळे ६३ हर्ट्झजवळच्या घुमणाऱ्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते; म्हणजे छातीला जे लागते ते मोजणीत फारसे येतच नाही. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे. येथे एवढेच नोंदवतो की विजेच्या वाद्यांनी ऐकणाऱ्याच्या छातीला स्पर्श मिळवून दिला, त्याने तो मागितला नव्हता. आणि वाजवणाऱ्याच्या बोटांकडून तो काढून घेतला, ज्यांना त्याची गरज होती.

वेळेचा प्रश्नही यातच येतो. डेव्हिड वेसेल आणि मॅथ्यू राइट या बर्कलीच्या संशोधकांनी असे मांडले की हाताची हालचाल आणि त्यातून निघणारा आवाज यांच्यात १० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडू नये, आणि ते अंतर कमीजास्त होत असेल तर तो फरक १ मिलिसेकंदाच्या आत असावा. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे ही मर्यादा काही अमानवी नाही. देवळाच्या मंडपात टाळकरी आणि मृदंगवाला इतक्या अंतरावर सहज उभे असतात. पण मुलांना तालशिक्षण म्हणून मोबाइलवरचे अ‍ॅप आणि ब्लूटूथचा स्पीकर दिला की हे अंतर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे जाते. मूल टिचकी मारते, आवाज मागाहून येतो, आणि काही दिवसांनी मूल आवाजाच्या आधी वाजवायला शिकते. तेच मूल भजनात खंजिरी घेऊन बसले की लयीच्या पुढे पळते आणि मोठी माणसे म्हणतात, याला लयच नाही. लय होती, आपण दिलेल्या साधनाने ती बिघडवली.

आपल्या वाद्यांचा असा विचार या देशात झालाच नाही असे मात्र नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध लिहिला, आणि १९३४ मध्ये त्याच विषयावर सविस्तर काम प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या गोल पडद्याच्या कंपनांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे बेसूर असते, म्हणून बहुतेक ढोलांना निश्चित सूर नसतो. तबला आणि मृदंग यांच्या शाईमुळे, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे, हेच प्रमाण पूर्णांकांच्या जवळ येते आणि कातडे गाऊ लागते, हे रामन यांनी पडद्यावर बारीक वाळू पसरून दाखवले. शाई लावणाऱ्याला हे गणित येत नव्हते, पण त्याच्या अंगठ्याला येत होते. थर घासताना कुठे थांबायचे हे त्याला कळत होते. रामन यांचे मोठेपण असे की त्यांनी त्या अंगठ्यातल्या ज्ञानाला भौतिकशास्त्राचा दर्जा दिला. पुढे २००२ मध्ये अजय कपूर आणि प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाब मोजणारे सेन्सर बसवलेला इलेक्ट्रॉनिक तबला बनवला, तेव्हा तबलजीच्या बोटांचे बारकावे संगणकापर्यंत पोचवण्याचा गंभीर प्रयत्न झाला. पण खंजिरी, डफ, डफडे यांना शाई नसते. ही वाद्ये शास्त्रीय मैफलीत बसत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेतही फारशी बसलेली नाहीत. त्यांचा सूर ओलाव्यावर, जाळावर आणि दाबणाऱ्या बोटावर हलतो; म्हणजे ज्यांच्यात हाताचा वाटा सर्वांत जास्त आहे, तीच वाद्ये मोजायची राहून गेली.

आणि इथे, विदर्भात, ही उणीव विशेष बोचते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन ग्रामसुधारणेचा विचार गावोगाव पोचवला. नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचे नाव आहे. खंजिरी वाजवणाऱ्या माणसाचे नाव मिरवणारे विद्यापीठ जगात दुसरे असेल असे मला वाटत नाही. मग खंजिरीच्या थापेचा शास्त्रीय अभ्यास करण्याचा पहिला हक्क, आणि पहिले कर्तव्यही, याच भूमीतल्या महाविद्यालयांचे नाही तर कोणाचे?

येथवर लिहिलेले वाचून कोणी म्हणेल की मग सोपे आहे, पॅड बाजूला ठेवा आणि कातड्याकडे परत चला. मला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण तंत्राचे नाही. स्पर्श हा शब्द मराठीत निष्पाप नाही. डफडे वाजवणे, वरातीपुढे वाजंत्री म्हणून चालणे, कातडे कमावणे ही कामे गावगाड्याने मांग, महार, चांभार या जातींच्या माथी मारली होती. ज्याने कातडे कमावले, मढवले आणि वाजवले त्याचा स्पर्श गावाला चालत नव्हता. त्याच्या हातातून निघालेला आवाज मात्र मंगलकार्याला लागत होता. वाजवून झाल्यावर तो मांडवाच्या बाहेर बसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा म्हणून सांगितले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर विदर्भातल्या कितीतरी घरांनी गावकीच्या कामांबरोबर वाजवणेही सोडले. ते सोडणे म्हणजे सांस्कृतिक नुकसान झाले असे जे हळहळून बोलतात, त्यांनी आधी हे सांगावे की त्यांच्या आजोबांनी त्या वादकाला पाणी कसे पाजले होते. ओंजळीत वरून ओतून पाजले असेल, तर त्या नुकसानाची जबाबदारी वादकाने घेण्याचे कारण नाही.

रबराच्या पॅडने एक काम निश्चित केले: त्याने तालवाद्याला जातीपासून सोडवले, निदान बरेचसे. धुमाल पार्टीत आज कोण कोणत्या जातीचा पोरगा पॅडवर उभा आहे हे कोणी विचारत नाही, त्याला ठरलेले पैसे मिळतात, आणि तो गाडीवर उभा असतो, वरातीपुढे चिखलात नसतो. ही मुक्ती मी हलकी मानत नाही. शिवाय कायद्यानेही मागे जाण्याची एक वाट बंद केली आहे. दक्षिणेतल्या कंजिऱ्याला आणि आपल्याकडच्या दिमडीलाही पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत, आणि घोरपड आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जे योग्यच आहे. त्या कातड्याचा स्पर्श गेला तो गेला. म्हणून मागणी अशी असायला हवी की विजेच्या वाद्याने जी समता दिली ती ठेवून, त्याने जो स्पर्श काढून घेतला तो परत द्यावा. ग्रेनोबल आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी हे शक्य असल्याचे दाखवले आहे. आपल्याला ते आपल्या वाद्यांसाठी करायचे आहे.

त्यासाठी प्रथम ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलली पाहिजे. आज एखाद्या जुन्या खंजिरीवादकाचे 'दस्तऐवजीकरण' होते म्हणजे समोर एक कॅमेरा लागतो, एक मायक्रोफोन लागतो, दोन भजने होतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि मंडळी निघून जातात. त्या मुद्रणावरून पन्नास वर्षांनी कोणी शिकायला बसला तर त्याला आवाज ऐकू येईल, पण बोट किती दाबले होते, कडे धरणाऱ्या हाताला काय लागत होते, कातड्यात ओल किती होती, यातले काहीही कळणार नाही. हेच मुद्रण कड्याला एक पिझो चकती चिकटवून, बोटांना पातळ दाबमापक लावून, हवेतली आर्द्रता नोंदवून केले तर खर्चात फारशी भर पडत नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असे प्रकल्प हवेच असतात, आणि वर्ध्याला ग्रामीण उद्योगांसाठीची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, जिच्या कामाच्या कक्षेत वाद्यनिर्मिती बसायला हरकत नाही. एकच बोल पाच वादकांकडून, कोरड्या चैत्रात आणि ओल्या श्रावणात, असा नोंदवला तर जे हाती लागेल ते जगात कोणाकडेच नसेल.

पण हे ज्या वादकांच्या हातांवरून होईल, त्यांचे काय? माझ्या मते सगळ्या प्रस्तावाची कसोटी इथे लागते. आवाजाचे तुकडे काढून ते 'सॅम्पल' म्हणून विकले जातात आणि ज्याने थाप दिली त्याचे नावही कुठे येत नाही, हे संगीताच्या धंद्यात नेहमीचे आहे. हातातले ज्ञान मोजून घेतले आणि माणसाला पुन्हा मांडवाबाहेर बसवले, तर जुन्याच गोष्टीची नवी आवृत्ती होईल, फक्त या वेळी ती प्रयोगशाळेत घडेल. म्हणून वादकाला शालीऐवजी पाहुण्या व्याख्यात्याच्या दराने मानधन मिळावे, प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधावर त्याचे नाव सहलेखक म्हणून यावे, आणि त्याच्या थापांपासून बनलेले काही विकले गेले तर त्यात त्याचा हिस्सा असावा. निबंधावर नाव घालायला इंग्रजी यावे लागत नाही. ज्याच्या बोटावर संशोधन उभे आहे त्याला 'माहितीदाता' म्हणून तळटीपेत टाकणे मला लबाडीचे वाटते.

या विचाराला माझ्याच मित्रांनी घेतलेला आक्षेप असा की ज्या प्रदेशात कापसाचा भाव, सिंचन आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे प्रश्न आहेत तिथे बोटाच्या थरथरीवर संशोधन म्हणजे चैन. आक्षेप प्रामाणिक आहे. पण गावागावातून वर्गणी निघते आहेच, आणि नव्या ऑक्टोपॅडची किंमत पन्नास हजारांच्या पुढे जाते; हा पैसा कोणी चैन म्हणत नाही. तो परदेशी बनावटीच्या यंत्रावर जातो, बिघडले की दुरुस्तीला नागपूर गाठावे लागते, आणि लोडशेडिंग असले की भजन मुके होते. स्थानिक बनावटीचे, कमी खर्चाचे, गावात दुरुस्त होणारे वाद्य हा रोजगाराचाही विषय आहे. शिवाय संगीतात हाताने ऐकण्याची गरज सर्वांत जास्त ज्यांना आहे त्या कर्णबधिर मुलांचा विचार आपण केलेलाच नाही. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. त्या अनवाणी उभ्या राहून, जमिनीतून आणि अंगातून कंपने घेत जगभर तालवाद्ये वाजवतात. आपल्या कर्णबधिर शाळांत संगीताचा तास सहसा नसतो, कारण संगीत कानाचे असते असे आपण ठरवून टाकले आहे.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या अडगळीतला एक फाटका वूफर, पातळ प्लायवूडचा तुकडा, दहा-पंधरा रुपयांची पिझो चकती आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा लहानसा संगणक) घेऊन आम्ही दोन-तीन मुलांनिशी एक प्रयोग केला. प्लायवूड वूफरच्या पडद्यावर टेकवला, त्याखाली चकती चिकटवली, आणि थाप पडताच वूफरने डफाच्या कंपनासारखा एक छोटा धक्का परत द्यावा अशी रचना केली. पहिल्या दिवशी धक्का उशिरा येत होता आणि हाताला चक्क किळस आली, कोणीतरी मागून खेचल्यासारखी. दोन आठवडे खटपट करून तो वेळेवर आणला. मग त्याच वृद्ध वादकांना घरून बोलावले. त्यांनी डोळे मिटून मध्ये थाप दिली, थांबले, पुन्हा दिली, आणि या वेळी हात मांडीवर ठेवला नाही. बराच वेळ ते वाजवत राहिले. मग त्यांचा हात सवयीने काठाकडे सरकला, तिथे त्यांनी तीन-चार वेळा बोट टेकवले, भुवया चढवल्या, पुन्हा मध्ये आले, पुन्हा काठावर गेले.

"मधी अन् काठाले सारखंच लागते जी," ते म्हणाले. "काठाले कातडं कडक असते ना."

मुलांनी माझ्याकडे पाहिले. आमच्याकडे चकती एकच होती, आणि ती थाप कुठे पडली ते सांगू शकत नव्हती. आता तीन चकत्या आणायच्या आहेत.